आधी रीडिंग, मग उत्तर

२६ सप्टेंबर १९२१ रोजी मुंबई बंदरात आलेल्या ‘नारकुंडा’ या आगबोटीवरून एक टिपण लंडनच्या ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकासाठी लिहिले गेले. लिहिणारे होते कलकत्ता विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे ३२ वर्षांचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन, आणि विषय होता समुद्राचा रंग. त्या काळी या प्रश्नाचा निकाल लागल्यातच जमा होता. आकाश निळे का दिसते याचा उलगडा करणाऱ्या लॉर्ड रॅले यांनीच सांगून ठेवले होते की खोल समुद्राची निळाई पाण्याची नव्हे. ती आकाशाची आहे आणि पाण्यात तिचे प्रतिबिंब दिसते. भूमध्य समुद्रातून येताना रामन यांना ते पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्याकडे ठरावीक कोनातून या स्फटिकामधून पाहिले, की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवता येतो. त्यांनी तो अडवला. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले, समुद्र मात्र निळाच राहिला; उलट ती निळाई अधिकच गडद दिसू लागली.

२८ फेब्रुवारीला आपण जो राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, त्याचे मूळ त्या आगबोटीच्या डेकवर आहे. दिवस पाळला जातो तो १९२८ मधल्या शोधासाठी, आणि १९८७ पासून तो देशभर पाळला जातो. पण आगबोटीवरचे ते टिपण आणि हा शोध यांच्यामध्ये सहा-साडेसहा वर्षे आहेत, आणि शोध घेणे म्हणजे नेमके काय, हे त्या वर्षांतच अधिक स्पष्ट दिसते.

पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात हे एकदा मनावर घेतल्यावर रामन आणि त्यांचे विद्यार्थी एकामागून एक द्रव तपासत गेले. १९२३ मध्ये त्यांच्यापैकी के. आर. रामनाथन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाची अतिशय फिकट अशी झाक होती. पहिला तर्क साहजिक होता: द्रवात काहीतरी भेसळ असावी आणि तीच मंद चमकत असावी. द्रव शुद्ध केला, पुन्हा शुद्ध केला. झाक गेली नाही. अशा वेळी वहीत ‘अशुद्धीमुळे’ असे लिहून पुढच्या कामाला लागणे कोणत्याही प्रयोगशाळेत सहज घडले असते, आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटले नसते. रामन यांनी ती झाक सोडली नाही. पाच वर्षांनी के. एस. कृष्णन यांच्यासोबत त्यांनी तिचा छडा लावला. प्रकाश रेणूवर आदळतो तेव्हा क्वचित तो आपल्या ऊर्जेतला थोडा भाग रेणूला देऊन किंवा रेणूकडून थोडी घेऊन बाहेर पडतो, आणि त्याचा रंग बदलतो; हाच रामन परिणाम. सुमारे एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच असा बदलतो, म्हणूनच ती झाक इतकी फिकट होती. कृष्णन यांचा या कामातला वाटा फार मोठा होता, आणि विज्ञान दिनाच्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, हे खटकते. त्याच दिवसांत मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला होता. विचारणारा कोण आहे, कुठल्या देशाचा आहे, हे निसर्ग पाहत नाही. नीट विचारले की तो दोघांनाही तेच सांगतो.

समुद्राच्या निळाईचे रामन यांनी दिलेले उत्तरही पूर्ण नव्हते, हे इथेच नोंदवायला हवे. पाण्याचे रेणू तांबडा प्रकाश शोषून घेतात, हे त्या रंगाचे आणखी एक मोठे कारण आहे, आणि हे शोषण रेणूंच्या कंपनांमुळे होते. रेणूंची हीच कंपने मोजण्याचे साधन पुढे रामन परिणामाने जगाला दिले. डेकवरून विचारलेला प्रश्न त्यामुळे त्या वेळी मिळालेल्या उत्तरापेक्षा बराच मोठा ठरला.

या सगळ्याची गरज कुणाला होती? खरे तर कुणालाच नव्हती. समुद्र निळा का, हे न कळल्याने एकही जहाज बुडत नव्हते. रामन यांना तर असल्या भानगडीत पडण्याचे कारणच नव्हते. १९०७ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, ते कलकत्त्यात सरकारच्या वित्त खात्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले होते. त्या काळातल्या भारतीय तरुणाला याहून भक्कम नोकरी मिळणे कठीण होते. बहुबझार रस्त्यावर डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था होती, पण तिच्या प्रयोगशाळेत फारसे कुणी फिरकत नसे. रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे जाऊ लागले. आशुतोष डे या सहायकाच्या मदतीने त्यांनी तारा छेडल्या, वाद्ये तपासली. साध्या ढोलाचा आवाज सुरात का नसतो आणि मृदंग-तबल्याचा का असतो, याचे कारण पुडीवरच्या शाईत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शाईच्या वजनामुळे चामड्याची कंपने तारेच्या कंपनांसारखी एकमेकांशी जुळतात. जे तबलजी पिढ्यान् पिढ्या कानाने जाणत होते, ते या हिशेबनिसाने मोजून मांडले. दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, कमी पगार पत्करून त्यांनी नोकरी सोडली आणि विद्यापीठातील पालित अध्यासनाचे प्राध्यापकपद घेतले.

इथवर वाचल्यावर निखळ, निःस्वार्थ जिज्ञासेचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, आणि विज्ञान दिनाच्या व्यासपीठांवर ते तसेच रंगवले जाते. ते अर्धेच खरे आहे. रामन महत्त्वाकांक्षी होते. आपल्याला नोबेल मिळणार याची त्यांना इतकी खात्री होती, की १९३० मध्ये घोषणा होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी युरोपच्या आगबोटीची तिकिटे काढून ठेवली होती, असे सांगतात. भारतीय माणूसही हे करू शकतो, हे जगाला दाखवण्याची ईर्ष्या त्यांच्यात होती. या गोष्टी झाकून ठेवण्याचे कारण नाही. माणूस शोध घेतो तेव्हा त्याच्या मनात एकच शुद्ध हेतू असतो, ही समजूत मुलांना चुकीच्या वाटेला लावते. आपल्या मनात कीर्तीची हाव आहे म्हणजे आपण खरे जिज्ञासू नाही, असे त्यांना वाटू लागते.

हेतू किती परीचे असतात, हे पाहायला मुंबई-पुण्याबाहेरही जावे लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगश यांनी प्लेगचे निदान केले, आणि महिन्याभरात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या माणसांच्या मदतीने त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. बाहेर माणसे मरत होती. तिथे शोधाचा हेतू विचारण्याची गरजच नव्हती. एका वर्षाने, १८९८ मध्ये, विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी लागलेली दप्तरे सोडवत या माणसाने आयुष्य घालवले, आणि साधनांचे बावीस खंड मराठी भाषेला दिले. त्यांच्या मागे उभा होता स्वाभिमान. आपला इतिहास परक्यांनी लिहावा आणि आपण तो मुकाट्याने वाचावा, हे त्यांना सहन होत नव्हते. कुतूहल, करुणा, स्वाभिमान, कीर्ती यांपैकी कोणत्याही इंधनावर शोध चालू शकतो, आणि बहुधा तो या सगळ्यांच्या मिश्रणावरच चालतो.

मग खरा शोध आणि शोधाचे सोंग यांत फरक कशाने पडतो? आमच्या मते तो हेतूने पडत नाही. आधी काय आले, यावर तो ठरतो. निरीक्षण आधी आले आणि उत्तर त्याच्या मागून आले, तर हेतू कसाही असला तरी तो शोध आहे. उत्तर आधीच ठरले असेल आणि निरीक्षणे त्याच्या मापाने बेतली असतील, तर हेतू कितीही उदात्त असला तरी तो शोध नव्हे. राजवाड्यांचा स्वाभिमान आदरणीय ठरतो, कारण त्याने त्यांना कागदांकडे नेले. तोच स्वाभिमान नकोशा कागदांकडे पाठ फिरवायला लावतो तेव्हा काय होते, हे इतिहासाच्या नावाने आज चालणाऱ्या भांडणांत आपण रोज पाहतो.

निरीक्षण आधी ठेवण्याचे सर्वांत लख्ख उदाहरण एका मराठी बाईंचे आहे, आणि ते व्हावे तितके सर्वतोमुखी झालेले नाही. रामन कलकत्त्यात त्या फिकट प्रकाशाचा माग काढत होते, त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे तिथल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक होते. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे होते, आणि नंतर नाझी राजवटीला त्यांचा उपयोगही झाला. इरावतीबाईंना दिलेला विषय होता कवटीच्या दोन्ही बाजूंमधला असमतोल. या असमतोलात वंशावंशांचा फरक दिसेल आणि तो युरोपीय माणसाच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दाखवील, अशी अपेक्षा होती. परक्या देशातली विशी-पंचविशीतली भारतीय विद्यार्थिनी, समोर देशातला सर्वांत वजनदार मानवशास्त्रज्ञ, आणि पदवी त्याच्याच हाती. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या समाजांतल्या कवट्या मोजल्या. असमतोल सगळ्यांत होता. वंशाशी त्याचा संबंध नव्हता. मार्गदर्शकाला हवे ते उत्तर त्या कवट्यांनी दिले नाही, आणि दिल्याचे इरावतीबाईंनी लिहिले नाही.

त्यांचा हेतू काय होता, याची चिकित्सा करण्याचे कारणच उरत नाही. पदवी हवी होती, आणि ती हवीच असणार. पण पदवीसाठी त्यांनी आकड्याला हात लावला नाही. पुढे ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांकडे त्यांनी ज्या निर्भय नजरेने पाहिले, ती बर्लिनच्या प्रयोगशाळेतच तावून सुलाखून निघाली होती, असे म्हणावेसे वाटते.

आता एक कडू गोष्ट. तिच्याशिवाय रामन यांची आठवण अपुरी राहील. १९३३ मध्ये कमला भागवत नावाची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला पहिली आली आणि तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तिचे वडील आणि काका त्याच संस्थेचे विद्यार्थी होते. संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार बाई होती. कमलाबाई बंगळूरला गेल्या, कारण विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत दाराशी सत्याग्रह करीन, असे सुनावले. अखेर त्यांना घेतले गेले, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे; आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतल्या वातावरणात बाधा येऊ द्यायची नाही. हा अपमान त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. वर्षभरात रामन यांनी त्यांचे काम पाहिले आणि पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून कमलाबाई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असते हे त्यांनी दाखवले, आणि १९३९ मध्ये पीएच. डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले आणि ग्राहक चळवळीत अन्नातली भेसळ ओळखण्याच्या पद्धती लोकांपर्यंत नेल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला, दुर्गा भागवतांना, वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. एकाच घरातली एक मुलगी परीक्षानळीतून विचारत होती आणि दुसरी लोककथा, झाडेपाने आणि ऋतू यांतून. दोघींचेही विचारणे तितकेच कडक होते.

रॅले यांचा शब्द अंतिम न मानणाऱ्या माणसाने बाईच्या बुद्धीबद्दलचा प्रचलित शब्द मात्र तपासल्याविना मानला. उतारवयात मॅक्स बॉर्न यांच्याशी स्फटिकांच्या कंपनांवरून झालेल्या वादातही रामन आपल्या मतावरून हटले नाहीत, आणि पुढच्या संशोधनाने बाजू बॉर्न यांची घेतली. यातून रामन यांचे थोरपण कमी होत नाही. मात्र शोधकवृत्ती एकदा मिळाली की आयुष्यभर आपोआप टिकते, असे मानण्याची सोय उरत नाही. एका विषयात जागा असलेला माणूस दुसऱ्या विषयात गाढ झोपलेला असू शकतो. त्याला जागे करायला दाराशी कुणीतरी कमला भागवत उभी राहावी लागते. दार बंद असताना किती जणी आल्या पावली परत गेल्या असतील, याची नोंद कोणत्याच संस्थेकडे नाही.

आपल्या संविधानाने शोधक बुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये आलेल्या कलम ५१(क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद यांच्या जोडीला शोधक बुद्धी व सुधारणावाद यांचा उल्लेख आहे. म्हणजे प्रश्न विचारणे ही काही हुशार मुलांची हौस नव्हे. ज्यांना हे कर्तव्य सहन होत नाही, ते काय करतात हे महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पाहिले आहे. त्या सकाळी हत्या झालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘पुरावा दाखवा’ इतकेच म्हणत होते. ज्या राज्यात हे घडले, त्या राज्याने विज्ञान दिन केवळ रांगोळी, घोषवाक्ये आणि भाषणे यांवर भागवू नये.

उपयोगाचा मुद्दा उरतो, कारण संशोधनाला पैसा देणारे तोच आधी विचारतात. रामन परिणामाचा मोठा व्यावहारिक उपयोग सुरू व्हायला १९६० मधला लेझरचा शोध उजाडावा लागला, म्हणजे तीस-बत्तीस वर्षे. आज औषधांची शुद्धता, रत्नांचा खरेपणा, स्फोटकांचा अंश, जुन्या चित्रांतले रंग हे सारे त्या फिकट झाकेच्या आधारे तपासले जाते. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिरन्स या गाडीवरही तेच तंत्र आहे. १९२१ मध्ये एखाद्या समितीने ‘समुद्राचा रंग’ या प्रकल्पाचे सामाजिक उपयोजन विचारले असते, तर रामन यांना रकाना कोरा ठेवावा लागला असता. तो कोरा रकाना मंजूर करण्याची हिंमत आपल्या विद्यापीठांत आणि अनुदान देणाऱ्या संस्थांत असायला हवी.

पण या सर्वांच्या आधी शाळा येते. विज्ञान दिनाच्या मागेपुढेच बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा होतात, आणि तिथे जे चालते ते प्रत्येक शिक्षकाला, प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. गुरुत्वत्वरण काढायचे असते, आणि ते ९.८ यायला हवे हे सगळ्यांना आधीच माहीत असते. मुले कुजबुजत विचारतात, ‘किती यायला पाहिजे?’ मग सूत्र उलटे फिरवून वेळ काढली जाते आणि तक्त्यात रीडिंग भरली जातात. लंबक हललेलाही नसतो. शंभर वह्यांत तेच देखणे ९.८, शंभरांना पूर्ण गुण. बर्लिनच्या फिशर यांना हवे होते ते नेमके हेच, आणि सतरा वर्षांच्या मुलांना आपण ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवतो. नाइलाजाने शिकलेली ही सवय मोठेपणी अहवालात, पंचनाम्यात, सर्वेक्षणात आणि प्रबंधातही उतरते.

त्या वर्गात एखादी मुलगी असते, जिने लंबक खरोखर हलवलेला असतो. तिचे उत्तर १०.८५ येते. ती घाबरते, खोडते, शेजारच्या वहीत डोकावते. तिने काय केलेले असते? गोलक सोडतानाच ‘एक’ म्हटलेले असते, त्यामुळे वीस आंदोलने मोजली असे तिला वाटते तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच झालेली असतात. हे तिचे तिला सापडले, तर वर्षभराच्या पाठांतराने जे शिकवले नाही ते त्या एका तासात तिला मिळेल.

परीक्षक आणि शिक्षक यांना आमची विनंती आहे. यंदा ते १०.८५ खोडू देऊ नका. ‘असे का आले असेल?’ एवढे विचारा, पुन्हा मोजायला वेळ द्या, आणि कारण शोधून काढणाऱ्या मुलीला ९.८ उतरवून काढणाऱ्यापेक्षा जास्त गुण द्या. शिक्षण मंडळाने गुणदानाच्या सूचनांत ही एक ओळ घालावी. तिला पैसा लागत नाही, नवी प्रयोगशाळा लागत नाही, आणि ती पुढच्या परीक्षेपासूनच लागू करता येईल.